अकरा कुलपं

दाराला कुलूप दिसलं की अक्का मागे फिरत नसत. दोन बोटांनी कुलूप उलटं करत आणि वाकून त्याची खालची बाजू बघत. किल्लीचं भोक चकचकीत असेल तर कुणीतरी येऊन-जाऊन आहे. भोकात कोळ्याने जाळं केलं असेल तर माणसं गेलीत. मग कुलूप हळूच सोडत, आत कुणी झोपलं असावं तसं, आवाज न करता. आणि म्हणत, "घर बंद आहे, तम्मा. उत्तर बंद नाही."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. म्हैसुरात मला अशी हाक मारणारं दुसरं कुणी नव्हतं.

मी सांगलीकडच्या खानापूर तालुक्यातला. आठवीत शाळा सुटली आणि आमच्या भागातल्या पोरांसारखा मीही गलाईच्या धंद्यात आलो. जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबात घालायचे, शुद्ध सोनं काढून द्यायचं. म्हैसूरच्या एका गल्लीत बारा वर्षं भट्टीपुढे बसलो होतो. मग साथ आली. टाळेबंदी उठल्यावर दुकानं उघडली, पण गाळायला सोनं येईना. मालक गावी गेले ते गेलेच.

त्या दिवसांत अक्का दुकानाच्या पायरीशी उभ्या राहिल्या. साठीच्या, सुती साडी, तोंडावर एकावर एक दोन मास्क, हातात टॅब. एका संशोधन संस्थेचा सर्वे होता. साथीनं लोकांच्या पोटापाण्याचं काय केलं ते घरोघर जाऊन मोजायचं, आणि वर्षाने त्याच घरांना पुन्हा गाठून काय बदललं ते बघायचं.

"गेल्या सात दिवसांत काम केलंत?" त्यांनी कानडीत विचारलं.

"केलं."

भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरकडे बघून त्या मराठीत आल्या. "काय काम केलास रे?"

"भट्टी साफ केली. मुशी मांडल्या. देवाला दिवा लावला."

"सोनं आलं?"

मी कोरडी मूस उचलून फडक्याने पुसू लागलो.

"गावाकडे आईला काय सांगतोस?"

"काम चालू आहे म्हणून."

"तेच मलाही सांगालास, अल्वा?" हे 'अल्वा' म्हणजे आपलं 'नाही का'. त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत घोडेस्वार होते. घरात मराठी टिकली होती, पण निम्मी कानडी पोटात घेऊन.

त्यांनी 'होय' पुसून 'नाही' केलं आणि खालच्या रिकाम्या चौकटीत लिहिलं : रोज येतो, काम नसतं. मला लाज वाटली. पण खरं सांगतो, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचं काहीतरी उतरलं. माझी गोष्ट कुणीतरी होती तशी लिहून घेतली होती.

तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. गुडघा दुखतोय, स्कूटर चालवायला आणि फॉर्म भरायला माणूस हवाय, येतोस का.

"मी आठवी, अक्का."

"आकडा लिहायला येतो? समोरचा बोलत असताना गप्प बसायला येतं?"

"येतं."

"साकु. पुरे तेवढं. दुसरं एमेवाल्यांना येत नाही."

तुम्हीही असे सर्वेवाले पाहिले असतील. दारात उभे राहून, उत्तर येण्याआधीच बोट टेकवणारे. अक्का आधी बसत. यजमानांनी कॉफी पुढे केली की नको म्हणत नसत, घोट घेत आणि काहीच बोलत नसत. बाहेर पडल्यावर म्हणत, "कॉफी पाणी झालीय. आणि म्हणतात कसे, सगळं बरं आहे." म्हणून 'कसं चाललंय' हा प्रश्न त्यांनी मला विचारू दिला नाही. सिलिंडर किती दिवस पुरतो, डाळ रोज शिजते की दिवसाआड, असं विचारायचं. माणूस स्वतःबद्दल खोटं बोलतो, डाळीबद्दल सहसा बोलत नाही.

मी भित्रा. 'होय' आणि 'नाही' तीन-तीनदा तपासायचो. चुकीचं बटण दाबलं तर देशाचा हिशेब चुकेल अशी धास्ती असायची. अक्का हसायच्या. "भितोस ते बरं आहे. न भिणारेच चुकतात."

वर्षाने दुसरी फेरी आली तेव्हा आमच्या यादीतल्या अकरा घरांना कुलूप होतं. ऑफिसातल्या तरुण साहेबांचा फोन आला. अक्कांनी तो स्पीकरवर ठेवला.

"मॅडम, बंद घराच्या जागी शेजारचं घर घ्या. नियमात बसतं."

"शेजारचं उघडं आहे, सर. टिकलं म्हणून उघडं आहे."

"शनिवारी यादी बंद होणार."

"मग शनिवारपर्यंत वेळ आहे."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "बुडालेल्यांना सोडायचं आणि काठावर पोचलेल्यांना विचारायचं, पाणी किती खोल होतं. सुम्ने, उगाच कशाला मोजायचं मग? चल, स्कूटर काढ."

त्यांची रीत ठरलेली होती. तीन माणसांना विचारायचं : दूधवाला, इस्त्रीवाला आणि समोरची बाई. माणसं कधी गेली ते दूधवाल्याला ठाऊक असतं, का गेली ते इस्त्रीवाल्याला आणि कुठे गेली ते समोरच्या बाईला. असं विचारत विचारत आम्ही एक जोडपं नंजनगूडला कारखान्याच्या फाटकाशी गाठलं, पाळी सुटायच्या वेळी. एका कुलपामागचे आजोबा साथीत गेले होते. मी म्हटलं, हे राहिलं. अक्का म्हणाल्या, "राहिलं कसं? गेले, हे लिही. केव्हा, कशाने, मागे कोण, तेही लिही."

शनिवारी दुपारपर्यंत दहा झाली. अकरावं घर शाळेची व्हॅन चालवणाऱ्याचं होतं. समोरची बाई म्हणाली, वरुणा म्हणून गाव आहे, तिकडे बायकोच्या माहेरी गेलेत. अक्कांचा गुडघा सुजला होता. मी म्हटलं, तुम्ही थांबा, मी जातो. त्या पदर खोचून स्कूटरवर मागे बसल्या.

तो उसाच्या बांधाशी भेटला. व्हॅन विकली होती, दुसऱ्याच्या गाई सांभाळत होता. आम्हाला बघून आधी घाबरला, मग अंगणात चटई टाकली. अक्कांनी टॅब माझ्या हातात दिला. "आज तू विचार."

यादीत त्याची मुलगी होती, मागच्या फेरीत सातवीत. मी विचारलं, शाळेत नाव आहे?

"आहे," बाप चटकन म्हणाला. "म्हैसूरच्या शाळेत आहे नाव."

बोट 'होय'वर गेलं आणि तिथेच थांबलं. नाव तर माझंही दुकानात होतं. मीही तर असंच चटकन म्हणालो होतो. मुलगी गोठ्याच्या दाराशी उभी होती. मी तिला विचारलं, "दप्तर कुठे आहे गं तुझं?"

तिने गोठ्यात बोट दाखवलं. खुंटीला दप्तर लटकत होतं, फुगलेलं.

"काय आहे त्यात?"

"पेंड," ती म्हणाली. "उंदीर खातात ना खाली ठेवली तर."

मी 'नाही' लिहिलं. माझं दप्तर सुटलं तेव्हा विचारायला कुणी आलं नव्हतं, हे तेव्हा कळलं. मी पुढचे प्रश्न विचारले, फॉर्म पाठवला. यादी बंद व्हायला तासभर होता.

"गेला?" अक्कांनी विचारलं.

"गेला."

त्यांनी टॅब पिशवीत घातला आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "आता मी सर्वेची नाही," त्या मुलीच्या बापाला म्हणाल्या. "गावातल्या मुख्याध्यापकांचं घर दाखव. तू पुढे चल. पोरी, तूही ये." ती दप्तर उतरवून पेंड एका डब्यात ओतू लागली. अक्का थांबल्या, तिचं ओतून होईपर्यंत.

पुढे अहवाल आला. त्यात एका तक्त्यात निराळी ओळ होती, घर सोडून गेलेल्या कुटुंबांची. अक्कांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. "आपले अकराही बसले यात," एवढंच म्हणाल्या.

मी आता हेच काम करतो. भट्टीकडे परत गेलो नाही. आईला खरं सांगतो, आणि ती म्हणते, हे काय काम, लोकांना डाळ शिजली का विचारत फिरायचं.

गेल्या महिन्यात म्हैसुरातच, जयलक्ष्मीपुरमच्या एका रस्त्यावर काम निघालं. अक्कांचं घर त्याच रस्त्यावर. त्यांना जाऊन वर्ष होत आलं, मी खांदा दिला होता. तरी फाटक ढकलून आत गेलो. दाराला कुलूप होतं. दोन बोटांनी उलटं केलं. भोकात जाळं होतं.

कुलूप हळूच सोडलं. मग रस्ता ओलांडून समोरच्या बाईंची घंटा वाजवली आणि विचारलं, "समोरच्या अक्का कुठे गेल्या?"

त्या सांगू लागल्या. केव्हा, कशाने, मागे कोण. मी मध्ये बोललो नाही. सगळं ऐकून घेतलं.