नऊ महिने भरेपर्यंत

माझी लेक सातव्या महिन्यातच आली. बालाघाटच्या सरकारी दवाखान्यात अठरा दिवस काचेच्या पेटीत होती. सुट्टी देताना सिस्टरनं कार्डावर लाल गोल केला आणि बजावलं, येत्या गुरुवारी डोळ्यांचे डॉक्टर येतात, चुकवू नका. अपुऱ्या दिवसांच्या लेकरांच्या डोळ्यांत, आतल्या पडद्यावर, नसा वेड्यावाकड्या वाढू शकतात. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि वेळ गेली की नजर जाते.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, इतके टपोरे डोळे, त्यांना काय धाड भरलीय? शिवाय आमच्याकडे बाळंतीण आणि लेकरू सव्वा महिना उंबरठा ओलांडत नाहीत. दवाखान्यातले दिवस त्या धरायलाच तयार नव्हत्या. त्यांची मोजणी पोरगी घरात आली त्या दिवसापासून सुरू. नवरा म्हणाला, आईला हळूहळू समजावू. हळूहळूला वेळ कुठं होता? मी मुळातच तिखट. बुधवारी जेवताना ताट सरकवलं आणि म्हणाले, पोरगी आंधळी झाली तर तिचा हात धरायला तुमचा सव्वा महिना येणार आहे का? बोलून बसले आणि मनातून चरकले. 

सकाळी पाहते तर सासूबाई धुवट लुगडं नेसून, पोरीला दुपट्यात गुंडाळून ओसरीत तयार.

"नऊ महिने कुठं भरले हिचे?" त्या म्हणाल्या. "लेकरू अजून पोटातच हाये. तू बाळंत झालीच नाही, त सव्वा महिना कायचा? चाल."

असा वकील बालाघाटच्या कोर्टातही मिळायचा नाही.

डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकले, बराच वेळ भिंगातून पाहिलं. दोन्ही डोळ्यांत नसा बिघडल्या होत्या. दोन दिवसांत लेझर करायला हवं, तेही नागपूरला. सासूबाईंनी फक्त बस किती वाजता आहे ते विचारलं. नागपूरला त्या दवाखान्याच्या दारात ठाण मांडून बसल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिल्या, माझी नात अजून जन्मायची आहे.

तिसऱ्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, नजर वाचली. मी तिथंच पायरीवर बसून ढसाढसा रडले, कोण बघतंय याची पर्वा केली नाही. असा आनंद मला पोरगी झाली तेव्हाही झाला नव्हता. तेव्हा नुसती भीती होती. आणि बरोबर नऊ महिने भरले त्या दिवशी सासूबाईंनी मला खोलीत बसवलं. पुरता सव्वा महिना, डिंकाच्या लाडवांसकट. मी हूं की चूं केलं नाही.

आता आमच्या गल्लीत तोच कायदा आहे. कुणाकडे लेकरू लवकर आलं की सासूबाई काठी टेकत जातात आणि विचारतात, डोळे दाखवले का? कुणी सव्वा महिन्याचं नाव काढलं तर त्याची खैर नसते.

परवा त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. निवडून झाले म्हणून सूप उचलणार, तोच सहा वर्षांच्या नातीनं हात धरला.

"आजी, थांब ना. हा खडा राह्यला."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं आणि तो एवढासा खडा पदराच्या टोकाला बांधून घेतला.