बोरीकाठची बिनोट

जळगावला गाडीतून उतरलो तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता. तरी फलाटाच्या फरशीतून कालचे ऊन अजून बाहेर पडत होते. खानदेशातल्या वैशाखाची ही माझी पहिली ओळख. प्रवासातल्या जागरणामुळे असेल, एस.टी.च्या खिडकीतून दिसणारे सारे मला अर्ध्या झोपेतले वाटत राहिले. नांगरून उघडी पडलेली काळी शेते, निंबाखाली पाय मुडपून बसलेले बैल आणि रस्त्यावर पुढे सतत चमकणारे, जवळ जाताच नाहीसे होणारे पाणी. एरंडोल केव्हा मागे पडले ते कळले नाही. पारोळ्याला किल्ल्याच्या तटाजवळ उतरलो आणि तेथून बैलगाडीने बोरी नदीच्या काठावरच्या एका लहान गावी पोहोचलो.

येण्याचे कारण सांगितले पाहिजे. मी शाळेत व्यायाम शिकवतो. लाठी, फरीगदगा, बोथाटी ही नावे वाचकांच्या परिचयाची असतील. बिनोट त्यांच्याहून वेगळी आहे. तिला स्वतःचे असे हत्यार नाही. हातात काही नसताना किंवा जे सापडेल ते घेऊन हत्यारबंद माणसाला निःशस्त्र करणे, एवढेच तिचे काम. ती जाणणारे एक वृद्ध उस्ताद या गावात आहेत, असे कानावर आले होते. सारा गाव त्यांना आबा म्हणतो.

आबा आखाड्याच्या दारातच बसले होते. उंच, वाळलेले, पांढऱ्या मिशांचे. नमस्काराला जोडलेले त्यांचे दोन्ही हात बारीक थरथरत होते.

"या मास्तर. उन्हमा भाजाई गयात ना?" ते म्हणाले. मग माझ्या छत्रीकडे बोट दाखवून म्हणाले, "हाई छत्री लाठी समजा. आन् मारा."

"कोणाला?"

"मनी आंडेरले (माझ्या मुलीला). सुमन, ये व."

पाण्याची घागर खाली ठेवून एक तिशीची बाई पुढे आली. तिचे सासर याच गावात, नदीच्या पलीकडच्या काठावर. आखाजीसाठी (अक्षय्य तृतीयेसाठी) ती माहेरी आली होती. तिने पदर खोचला आणि खांद्यावरचा ओला पंचा हातात घेतला.

"मारा मास्तर, लाजू नका."

मी छत्री उगारली. बाई मागे सरेल अशी माझी अपेक्षा होती. ती सरळ माझ्या अंगावर चालून आली. पंचा माझ्या मनगटाभोवती कधी फिरला ते दिसले नाही. छत्री तिच्या हातात होती आणि तिची एक काडी मोडून बाहेर आली होती.

"अक्का, मास्तरनं डोकं आते तपी (आता उन्हाने तापेल) ना व!" मातीत बसलेल्या शागीर्दांपैकी कोणीतरी ओरडले आणि सारे हसले. मीही हसलो.

दुपारी आबांनी मला या विद्येतले मर्म समजावले. लाठीचा जोर तिच्या टोकाला असतो; मुठीपाशी ती निव्वळ लाकूड असते. म्हणून भ्यालेला माणूस मागे सरतो आणि नेमका टोकाखाली सापडतो. बिनोटवाला आत शिरतो. घाव जेथे जन्मतो तेथे जाऊन उभे राहायचे, कारण तेथे तो अजून लहान असतो.

"मग पवित्रा कोणता घ्यायचा?" मी वही उघडून विचारले.

"भाकर करतांना तुमनी घरवाली पानी पहिले मापस का?" आबांनी उलट विचारले. "पीठ कसं शे ते पाहीसन टाकस. तसंच हाई. समोरचा कसा उभा शे, ते पाहीसन आपलं ठरवानं."

आणखी एक रीत मला फार विलक्षण वाटली. या आखाड्यात पंच नसतो. सामन्यात ज्याला लाठी लागेल त्यानेच तोंडाने "लागनं" (लागले) म्हणायचे आणि बाजूला व्हायचे. स्पर्श केसाएवढा असला तरी चालतो. सकाळपासून मी तो शब्द ऐकत होतो. कोणी हसत म्हणे, कोणी चरफडत. परंतु म्हणत सारेच.

याच आखाड्याचे पुढे काय व्हायचे, याचा दुसऱ्या दिवशी निकाल लागायचा होता. आबांचे हात आता त्यांचे ऐकत नव्हते. या आखाजीनंतर ते मातीत उतरणार नव्हते. त्यांचा पट्टशिष्य भिका, रुंद छातीचा, मितभाषी गडी, याला तेथे कुस्तीचा हौदा करायचा होता.

"लाठी घीसन आते कोन मारामारी करस, मास्तर?" तो मला म्हणाला. "पोरं जत्रामा कुस्ती मारतस, फेटा बांधीसन घर येतस. बिनोट शिकीसन काय मियस (मिळते)?"

त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. सुमनअक्काला मात्र येथे बिनोटच राहायला हवी होती. ही विद्या आता बापलेकीशिवाय कोणाच्याच हातात पुरती राहिलेली नव्हती, आणि शिकवायला दुसरी माती नव्हती. अखेर आबांनी ठरवले: आखाजीच्या तिसऱ्या प्रहरी गावासमोर सामना व्हावा. भिकाने लाठी घ्यावी, सुमनने सापडेल ते. जो जिंकेल त्याची माती.

आखाजीचा दिवस आमरसाच्या वासाने उजाडला. खापरावर भाजलेले रुमालासारखे मांडे, रस, कुरडया असे जेवण झाल्यावर डोळे मिटू लागले. निंबाच्या प्रत्येक फांदीला झोका होता आणि माहेरवाशिणींची गाणी त्या झोक्यांबरोबर जवळ येत होती, दूर जात होती. त्याच गुंगीत मी आखाड्याकडे चालत गेलो. सारा गाव मातीभोवती उभा होता, आणि उन्हाच्या लहरींमुळे पलीकडची माणसे पाण्यातल्या प्रतिबिंबासारखी हलत होती.

भिकाने लाठी कपाळाला लावली. सुमनअक्काने इकडेतिकडे पाहिले आणि भिंतीला टेकवलेले सूप उचलले.

"अक्का, जवारी पाखडशी का व?" एक म्हातारी ओरडली.

"भिकाले पाखडसू, काकू!"

हशा विरला तशी लाठी फिरू लागली. तिचा घुमणारा आवाज आणि झोक्यांची करकर मला एकच वाटू लागली. पहिला घाव सुपावर आला. मला वाटले, सूप फुटणार. परंतु बांबूच्या पट्ट्या किंचित वाकल्या आणि लाठी त्यांवरून घसरून गेली. अक्का मागे गेली, डावीकडे गेली. भिका जसा बदलेल तशी बदलत गेली. मग लाठी डोक्यावर उचलली जाताच ती आत शिरली. सूप मातीत पडले. भिकाचे मनगट वळले, आणि लाठी तिच्या हातात होती.

गावाने एकच आरोळी ठोकली. बायका झोके सोडून धावल्या. आबांचे डोळे भरून आले.

सुमनअक्का लाठी धरून स्तब्ध उभी होती. तिने डावा हात कानामागे नेला, आणि स्वच्छ आवाजात म्हणाली,

"लागनं."



"कोठे लागनं व?" मघाची म्हातारी रागावली. "कोनलेच दिखनं नई!"

"कानामांगे. मी आत ऊनू (आले) ना, तव्हय (तेव्हा). लाठी घेवाना पहिले."

"अक्का, मालेबी समजनं नई," भिका म्हणाला. "ऱ्हाऊ दे."

"तुले नई समजनं. माले समजनं."

तिने लाठी त्याच्या हातात दिली आणि सूप झटकून पुन्हा भिंतीला लावून ठेवले. आबांनी भिकाच्या डोक्याला फेटा बांधला. ते लेकीकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होते असे मला खात्रीने सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निरोप घ्यायला गेलो तेव्हा हौद्याची खोदाई सुरू झाली होती. भिका स्वतः कुदळ चालवत होता. तो खोदत खोदत आखाड्याच्या कडेच्या चिंचेच्या सावलीपर्यंत आला आणि थांबला. मग कुदळीच्या टोकाने त्याने मातीवर एक आडवी रेघ ओढली.

"हाई रेघना पल्याड कोनी खोदानं नई," तो इतरांना म्हणाला. "ती अक्कानी जागा." आणि थोड्या वेळाने, कोणाकडेही न पाहता, "मी बी सकायले (सकाळी) तठेच शिकाले येसू. मनी लाठी लागनी, आन् मालेच समजनं नई. हाई काय शिकनू मी?"

सुमनअक्का नदी ओलांडून सासरी परतली होती. तिला निरोप सांगायला कोणीतरी पाण्यातून पळत जात होते.

धुळ्याकडे जाणाऱ्या गाडीत मी माझी वही उघडली. पवित्रे, पावले, मनगटाचे वळण, सारे आकृत्यांसह उतरवलेले होते. शाळा उघडली की मुलांना ते शिकवता येईल. परंतु मुलांना मैदानावर उभे केल्यावर प्रथम काय शिकवावे, हे माझे आता ठरले आहे. ज्याला लागेल त्याने म्हणावे. ते त्यांना जमू लागले की मगच कोणाच्या हातात काही द्यावे.