न हलणारा ढग

ऑफिसात तिला सगळे ढगवाली म्हणत. उपग्रहाने काढलेल्या चित्रांतले ढग पुसायचे, हे तिचं काम. मी शेजारच्या टेबलावर बसते, म्हणून हे सगळं जवळून पाहिलं.

काम ऐकायला जादूचं वाटतं, पण असतं धान्य निवडण्यासारखं. पायथन या संगणकी भाषेची एक लायब्ररी, म्हणजे आयता लिहून ठेवलेला कोड. तिला जागा सांगायची, तारखा सांगायच्या, की ती साठ्यातून चित्रं शोधून आणते. मग ढगवालीने लिहिलेला नियम एकेक ठिपका तपासतो. पांढुरका, चमकणारा दिसला की ढग समजून फेकून देतो. चार दिवसांचे उरलेले ठिपके जोडले की खालची जमीन दिसते. सहा वर्षं तिने हा नियम पोटच्या पोरासारखा सांभाळला होता.

त्या आठवड्यात डोंगराकडे पावसाने झोडपलं. खाणीजवळच्या वस्तीचा फोन लागेना, रस्ताही बंद. तिचा थोरला भाऊ तिथेच राहायचा, खाणीत फोरमन होता. वहिनी तेवढी माहेरी गेली होती.

बचाव पथकाला त्या भागाचा नकाशा हवा होता. साहेब म्हणाले, "हा भाग दुसऱ्या कुणाला देऊ का?"

"नको. मीच करते."

चार दिवसांची चित्रं जोडली. नदी दिसली, खाण दिसली. वस्तीच्या जागी मात्र भोक. तिथे चारही दिवस ढगच होते, असं नियमाचं म्हणणं. तिने चारही चित्रं शेजारीशेजारी लावली. बाकीची भोकं इकडून तिकडे सरकत होती. वस्तीवरचं तसूभरही हललं नव्हतं.

"ढग चार दिवस एका जागी बसतो का गं?" तिने मला विचारलं.

मी खुर्ची तिच्या पडद्याकडे सरकवली.

तिने नियमाची ढग फेकणारी ओळ बंद केली आणि कोड पुन्हा चालवला. भोकाच्या जागी फिकट, चमकती पट्टी उमटली. डोंगराचा कडा सुटून खाली आला होता. उघडा पडलेला पांढुरका दगड आणि चिखलाचा राडा नियमाला ढग वाटला होता.

वस्तीची खालची आळी गाडली गेली होती. तिच्या दादाचं घर त्याच आळीत. एक ठिपका दहा मीटरचा, म्हणजे अख्खं घर जेमतेम दोन ठिपक्यांचं. वरच्या आळीपर्यंत राडा पोचला नव्हता आणि मागच्या खिंडीतली वाट मोकळी होती. तिने ती वाट पिवळ्या रेघेने आखली, तारीख-वेळ टाकली, नकाशा बचाव पथकाला पाठवला. मग डबा उघडून जेवली.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. आवाज माझ्यापर्यंत येत होता.

"ताई, तुम्हाला वरून सगळं दिसतं ना? आमचं घर दिसतंय का?"

"नाही, वहिनी."

"अजून ढग आहेत का?"

"ढग नाहीत," ती म्हणाली.

पथक खिंडीतून गेलं. वरच्या आळीतली एकतीस माणसं शाळेत अडकून पडली होती, ती सुखरूप खाली आली. दादा नवव्या दिवशी सापडला.

ती कामावर परतली तेव्हा साहेबांनी मीटिंगमध्ये तिचं कौतुक केलं. टाळ्या झाल्या. ती वहीत मान घालून बसली होती. डोळे भरून आले असतील म्हणून मी हळूच डोकावले, तर उद्याच्या कामांची यादी लिहीत होती.

"रडून घे गं एकदा," मी जिन्यात म्हणाले.

"बसले होते रडायला. येत नाही." मग म्हणाली, "नियम मीच लिहिला होता. नाहीतर पहिल्याच दिवशी दिसलं असतं."

"तो पहिल्याच दिवशी गेला होता."

"हो. डॉक्टरही तेच म्हणाले."

नियमात तिने एक ओळ वाढवली आहे: जागा न सोडणारा चमकता ठिपका ढग म्हणून धरू नये. वहिनी आता तिच्याकडेच राहते. दोघींचं फारसं बोलणं होत नाही, भांडणही होत नाही, असं ती सांगते.