आधी उघडून बघू या

बंद पडलेलं घड्याळ कुणी समोर ठेवलं की भिंगकाका एकच वाक्य बोलायचे, "आधी उघडून बघू या." कधी बंद पडलं, कुठे आपटलं, असले प्रश्न गिऱ्हाइकाला विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे. डोळ्याला भिंग लावायचं, मागचं झाकण काढायचं आणि आत डोकं घालायचं. चाळीस वर्षं हाच खाक्या. दुकान बंद करून घरी बसले तरी हात काही स्वस्थ बसेनात. मिक्सर उघडला, इस्त्री उघडली, बायकोचं कानाचं मशीन उघडलं आणि ते पुन्हा बसवताना एक स्क्रू उरला. "एक दिवस मलाही उघडून बघाल," बायको म्हणायची.

अशा माणसाच्या हाती ताईने अकरा अंडी सोपवली.

ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. बसने तासाभराच्या अंतरावर एकटीच राहायची. तिच्या कोंबड्या वेगळ्याच होत्या, मानेवर पीस म्हणून नाही. नवरा होता तेव्हा त्याने कुठून तरी एक जोडी आणली होती, त्यांचाच हा वंश. नवरा गेला, कोंबड्या राहिल्या. एका दुपारी ताई वाण्याकडे गेलेली असताना दोन भटकी कुत्री आवारात शिरली आणि त्यांनी सहाच्या सहा कोंबड्या फाडल्या. कोंबडा तेवढा छपरावर चढून वाचला. अंड्यांवर बसवायला आता कोंबडीच नव्हती. म्हणून टोपलीतली आठवड्याभराची अंडी भुशात घालून, डबा मांडीवर धरून ताई भावाकडे आली.

"अठरा दिवस फिरवत राहा," तिने बजावलं. "मग झाकण लाव आणि हात मागे घे. खुडूक कोंबडी शेवटचे तीन दिवस दाण्यालासुद्धा उठत नाही. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय गं ताई. मी काय लहान आहे?"

काम मात्र त्यांनी नेटकं केलं. थर्माकोलची पेटी, आत बल्ब, हवा खेळवायला जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, कोपऱ्यात पाण्याची वाटी. पारा साडेसदतीसवरून हलू दिला नाही. प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, म्हणजे कुठलं फिरवलं, कुठलं राहिलं, हा घोळ नको. सातव्या दिवशी न्हाणीघरात अंधार करून एकेका अंड्यामागे बॅटरी धरली. आठ अंड्यांत लाल रेषांचं जाळं दिसलं आणि मधोमध एक टिपका उडत होता. "चालू आहे! अगं, चालू आहे!" ते आतूनच ओरडले. ताईला मात्र कळवलं नाही. पिल्लं खोक्यात घालून एकदम तिच्या दारात उभं राहायचं, असा त्यांचा बेत होता.

विसाव्या दिवशी सकाळी पेटीतून बारीक चिवचिव ऐकू आली. भिंगकाकांच्या हातातला चहा तिथेच राहिला.

"ताईंनी काय सांगितलंय?" बायकोने टोकलं.

"एकदाच. आधी उघडून बघू या, कुणाची चोच आलीय ते."

झाकण उघडलं की आतली उबदार वाफ बाहेर येई आणि भिंगावर धुकं धरे. ते पायजम्याच्या टोकाने पुसायचं आणि पुन्हा वाकायचं. तीन अंड्यांना तडा गेला होता. दुपारी परत 'एकदाच', चार वाजता परत. संध्याकाळपर्यंत त्यांचं ते 'एकदाच' सात वेळा झालं. दुसऱ्या दिवशी चिवचिव विरळ झाली. तेविसाव्या दिवशी पेटीत पंख्याखेरीज कसलाच आवाज नव्हता.

नेमका तेव्हाच ताईचा फोन आला. "काय रे, काही निघालं का?"

त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नाही गं. सगळी अंडी पोकळ. कोंबडा म्हातारा झालाय तुझा, त्याच्यात काही राहिलेलं नाही."

"बरं," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बायको भाजी निवडत सगळं ऐकत होती. "कोंबड्याला फोन करता येत नाही, म्हणून बरं आहे तुमचं," ती म्हणाली.

दुपारी भिंगकाका जुन्या टेबलाशी बसले. चिमटा घेतला आणि अंडी एकेक करून फोडली. मनात चोर होता. दुसऱ्या कुणाच्या तरी माथी मारता येईल असं काही सापडावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. दोन अंड्यांत काहीच नव्हतं. एकात रक्ताचं नुसतं कडं होतं, ते सुरुवातीलाच थांबलेलं. उरलेल्या आठांत आठ पूर्ण पिल्लं होती. नखं होती, चोची होत्या, माना उघड्या होत्या. कवचाच्या आतला पातळ पापुद्रा, जो ओला असायला हवा, तो कागदासारखा वाळून त्यांच्या अंगाला चिकटला होता. पिल्लांना वळताच आलं नव्हतं. भिंगावरचं ते धुकं सात वेळा आपण पायजम्याला पुसलं, हे त्यांना तेव्हा कळलं. तो त्यांच्या वाटचा ओलावा होता.

त्यांना स्वतःची लाज वाटली. तेव्हाच ताईला फोन करून खरं सांगायला हवं होतं. त्यांनी फोन उचलला आणि ठेवला. दुसऱ्या दिवशी उचलला आणि ठेवला. तिसऱ्या दिवशी नंबर लावला, पण रिंग जाण्याआधीच कापला. घड्याळात दोष निघाला तर गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगणारा हा माणूस, पण इथे दोष त्याचाच होता. पाचव्या दिवशी मात्र त्यांनी बस पकडली.

ताईच्या आवारात खुराड्याचं दार सताड उघडं होतं. पाण्याचं भांडं धुऊन पालथं घातलेलं.

"ताई, कोंबडा कुठेय?"

"काल दिला खाटकाला. पोकळ कोंबडा पोसून काय करू?"

भिंगकाका पायरीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. सात वेळा उघडलेलं झाकण, आठ पिल्लं, फोनवरचं खोटं, चार दिवसांचा भेकडपणा, काहीही वगळलं नाही. शिव्या खायची तयारी ठेवूनच ते आले होते. ताईने एकही दिली नाही.

"आठ?"

"आठ."

"मान उघडी होती?"

"हो."

"म्हणजे दोन कोंबड्या विकत आणल्या असत्या तरी त्याच्यापासून वंश..." तिने वाक्य सोडून दिलं. पुढचं दोघांनाही कळत होतं. मग ती उघड्या खुराड्याकडे बघत म्हणाली, "चार दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही रे. तुझ्यामुळे वंश बुडाला म्हणाले. नेताना तो मान वळवून माझ्याकडे बघत होता, आणि मी दार लावून घेतलं."

भिंगकाकांना रडू आलं. ताईने पाणी आणून दिलं.

शेवटच्या बसची वेळ बघायला त्यांनी भिंतीकडे पाहिलं. ताईचं घड्याळ सव्वादोनवर थांबलेलं होतं. सवयीने ते उठले, हात खिशातल्या भिंगाकडे गेला.

"हात लावू नकोस," ताई म्हणाली.

या वेळी त्यांनी ऐकलं.