एका पडद्यावर दोन पत्रिका

नव्वदनंतरची ती वर्षं. मी बोदवडहून रोज गाडीने जळगावला यायचे, कोर्टाजवळच्या एका दुकानात टायपिंग करायला. मालक नाना, तोंडाने तिखट. एकेक टाइपरायटर झाकून ठेवला जात होता आणि दुकानातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरचा ऑपरेटर सुरतेला निघून गेला होता. नाना म्हणाले, "आजचं काम निभावलंस तर खुर्ची तुझी. नाही तर उद्यापासून येऊ नको." ही नोकरी सुटली की घरचे पुन्हा बाहेर पडू देणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

काम लग्नपत्रिकांचं होतं. मुलगा धुळ्याचा, मुलगी जळगावजवळच्या खेड्यातली. दोन्हीकडचे वडीलधारे आपापला कागद घेऊन माझ्यामागे बसले होते. मजकूर मी झरझर उतरवला. पण मुलीची पत्रिका उघडली की मुलाची पडद्यावरून गायब!

"आमनी कोठे गयी?" धुळ्याचे आबा गरजले.

"आहे आबा, मागे आहे."

"मांगे? नवरदेवनी मांगे?"

त्यांची पुढे आणली की मुलीचे मामा गाल फुगवून बसत. मामांनी चार नातेवाईक वाढवले, मग आबांनाही वाढवायचे होते. प्रत्येक वेळी एक फाइल लपायची आणि कोणाचा तरी मान जायचा. शेवटी आबा धुळ्याला परत निघायला उठले, टोपी चढवली. "आम्ही धुयालेच छापसूत."

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला बोदवडची गाडीच दिसू लागली.

जुन्या ऑपरेटरने एक ताकीद देऊन ठेवली होती. 'विंडो' नावाच्या मेनूला हात लावायचा नाही, फाइल उडते. मला कोणी मनाई केली की माझे हात शिवशिवतात. लावला हात. आत दोन्ही फाइलींची नावं गुण्यागोविंदाने नांदत होती. वर 'अरेंज ऑल' लिहिलेलं होतं, ते दाबलं आणि पडद्यावर दोन्ही पत्रिका एकदम हजर!

"माय वं! बठ्ठं आठेच शे!" सगळं एका जागी बघून आबा टोपीसकट परत बसले. मी मनातल्या मनात नाचले.

नाचणं फार टिकलं नाही. पत्रिका एकाखाली एक आल्या होत्या.

"म्हणजे आम्ही खाली?" मामा उठले.

आता मात्र माझं डोकं फिरलं. माउसने कडा पकडल्या, दोन्ही चौकटी ओढून अरुंद केल्या आणि बोहल्यावर उभ्या राहणाऱ्या जोडीसारख्या शेजारी शेजारी लावल्या. "आता बघा," मी जरा जोरातच म्हणाले.

दोघेही चष्मे सावरून वाकले. आणि मामांनी पडद्यावर बोट ठेवलं. मुलाच्या पत्रिकेत मुहूर्त सकाळचा होता, मुलीच्या पत्रिकेत गोरज. कागद पाहिले, तर चूक कागदांतच होती. दोन्ही पत्रिका तशाच छापून गेल्या असत्या तर वऱ्हाड येऊन दिवसभर मांडवात ताटकळलं असतं. आबा खो खो हसले. मामाही हसले. "गोरजच," दोघे एका सुरात म्हणाले.

ते गेल्यावर नाना पडद्यापाशी आले. शाबासकी देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "उद्या येताना घरून उशी आण," ते म्हणाले. "ही खुर्ची तुला ठेंगणी पडते."