सिंकखालचा कॉक

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. असे अनुभव वाचून मी बायकोसमोर हसायचो. आता माझाच लिहितोय, तर तुम्हीही हसा... हरकत नाही.

आम्ही परदेशात, पासिर रिसला राहतो. मी, बायको मेघना आणि पुण्याहून आलेली आई. इथे नळाचं पाणी थेट पितात हे आईला काही केल्या पटेना. शेवटी सुटे भाग आणून मीच सिंकखाली आरओ बसवला. पंप कोरडा चालून जळू नये म्हणून त्याला लो प्रेशर स्विच लावला — आत येणारं पाणी थांबलं की पंप आपोआप बंद. साधी गोष्ट.

पण पंप सारखा बंद पडायला लागला. वाकून पाहावं तर दर वेळी पाण्याचा कॉक बंद. पुण्यात काम झालं की कॉक बंद करायची आईची सवय, म्हणून मी तिच्यावरच चिडलो. ती म्हणाली, "अरे, मी हातसुद्धा लावला नाही." पुन्हा तेच. मग मेघना हळूच म्हणाली, "आई विसरतात का रे? बंद करतात आणि लक्षात राहत नाही?"

मावशीचं असंच सुरू झालं होतं. शेवटी तिला स्वतःची मुलंही ओळखू येईनात. मी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. आईचं जेवण कमी झालं.

अपॉइंटमेंटच्या आधीच्या शनिवारी दुपारी दोघी मरीन परेडला एका बारशाला गेल्या. मी एकटाच घरी, दार आतून लावलेलं. त्या गेल्यानंतरही बराच वेळ पंपाची घरघर चालू होती... आणि थांबली.

कपाट उघडलं. कॉक बंद. मी उघडला, पंप सुरू झाला. बोटं अजून दांडीवरच होती. आणि दांडी फिरायला लागली. सावकाश. अंगठ्याने अडवली तर उलट जोर लागला — पलीकडून कुणी दाबत असल्यासारखा. हात काढला तशी दांडी पुरती आडवी झाली, स्विच टक् वाजला, पंप थांबला. मी तसाच अनवाणी लिफ्टने खाली गेलो आणि इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवरच्या बाकावर बसून राहिलो.

दोघी परतल्यावर तिथेच सगळं सांगितलं. वाटलं, आई घाबरेल. ती शेजारी बसली आणि रडायलाच लागली.

"म्हणजे तुलाही दिसलं?"

"तुलाही म्हणजे?"

"अरे, माझ्यासमोर कितीदा फिरलाय तो. मला वाटलं, आता मला नाही ते दिसायला लागलं. ताईचं काय झालं ते पाहिलंय मी. कुठल्या तोंडाने सांगणार होते तुला?"

मेघनाने तिचा हात धरला.

मी आरओ काढून टाकला. तुआसला मरीन इंजिनिअर असलेल्या मित्राने कॉक तपासला. म्हणाला, "हा इतका घट्ट आहे की हातानेही जोर लावावा लागतो. आपोआप फिरणं शक्य नाही." पाण्याचा दाब, पंपाची थरथर, सगळं धरून पाहिलं. काहीच जुळत नाही.

ठरल्याप्रमाणे आईला डॉक्टरांकडेही नेलं. त्यांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं की आईची स्मरणशक्ती ठणठणीत आहे. मेघनाला आनंदाने रडू फुटलं, आई हसली. मीही हसलो... पण तिथे बसल्या बसल्या लक्षात आलं, म्हणजे आम्ही दोघांनी पाहिलं ते खरंच होतं. आणि संध्याकाळी आम्हाला त्याच घरी परत जायचं होतं.