कोरडा क्लच

मामंजी गेले त्याला आता दोन महिने होत आले. बोरिवलीची जागा त्यांच्या पुतण्यानं रिकामी केली. त्याआधी त्यानं मला विचारलं की इथलं काही हवं आहे का. मी नको म्हणून कळवलं. त्या दोन खोल्यांत मी लग्न होऊन आले, तिथेच माझा नवरा गेला, आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी तिथे एका मोटरसायकलसाठी अडकून राहिले. हे सांगायला गेलं की ऐकणाऱ्याला आधी हसू येतं. मलाही आता कधी कधी येतं. तेव्हा येत नव्हतं.

गाडी विलायती होती, आमच्या दोघांच्याही जन्माच्या आधीची. नवऱ्यानं ती माहुलला कुणाच्या तरी घरामागून उचलली होती. कोंबड्या तिच्या सीटवर बसायच्या म्हणे. चाळीत आम्ही तळमजल्यावर राहत होतो. बाहेर ठेवली तर सकाळपर्यंत तिचे निम्मे भाग गायब होतील, म्हणून ती बाहेरच्या खोलीत असे. येताजाता आडवं होऊन सरकावं लागे. माझ्या सगळ्या पातळांना डाव्या बाजूला एकाच उंचीवर डाग होते.

हे डाग क्लचच्या तेलाचे. त्या गाडीत इंजिनाची ताकद एका साखळीवरून क्लचकडे यायची. साखळीला तेल लागतं, म्हणून साखळी आणि क्लच दोन्ही एका पत्र्याच्या डब्यात, तेलात बसवलेले. डबा कधी नीट बंद होत नसे. काही तेल जमिनीवर ठिबके, आणि जे आत राही ते क्लचच्या चकत्यांमध्ये शिरे. चकत्यांनी एकमेकींना घट्ट धरायचं, तर त्या घसरत. पुलाच्या चढावर इंजिन नुसतं ओरडे आणि गाडी मागे राही. परदेशात लोकांनी यावर एक उपाय काढला होता. साखळीच काढून टाकायची आणि तिच्या जागी दात असलेला रबरी पट्टा बसवायचा. पट्ट्याला तेल लागत नाही. मग डबाही कोरडा आणि क्लचही.

मला हे माहीत होतं, कारण मीच त्याला ते वाचून दाखवलं होतं. तो पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात फिटर होता. त्याला इंग्रजी यायचं ते फक्त सुट्या भागांच्या नावांपुरतं. रद्दीवाल्याकडून तो मोटरसायकलींची जुनी परदेशी मासिकं आणायचा. मी बी.ए. झालेली, वर ग्रंथपालाचा कोर्स केलेला. संध्याकाळी तो परातीत रॉकेल घेऊन एकेक भाग धूत बसे आणि मी शेजारी पाटावर बसून त्याला मराठीत वाचून दाखवी. ज्या शब्दाला मराठी सापडायचं नाही तो मी तिथल्या तिथे बनवायची. तो मान वर न करता म्हणायचा, "झकास. पुढे वाच." नवराबायकोंत आणखी पुष्कळ बोलणं असतं असं मी ऐकून होते. आमच्यात हे होतं.

पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. आधी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. तो गेला तेव्हा गाडीची डावी बाजू उघडी होती. साखळी काढून झाली होती, पट्टा आणून खिळ्याला लटकवलेला होता. मधलं काम सगळं राहिलं होतं.

दहाव्याला बायका जात नाहीत, म्हणून मीही गेले नाही. तिथे काय झालं ते मला त्याच्या मित्रानं सांगितलं. हा मित्र टर्नर. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये त्याचं भागीदारीत एक लेथ होतं. तो म्हणाला, वहिनी, कावळा शिवेचना. झाडावर दहाबारा बसलेले, पण पिंडाकडे एकही येईना. जमलेल्यांनी एकेक सांगून पाहिलं. बापाला सांभाळू, तू काळजी करू नकोस. तुझी देणी आम्ही बघू. भटजी शेवटी दर्भाचा कावळा करायला बसले. तेव्हा ह्या मित्रानंच मामंजींच्या कानात सांगितलं, की त्याचा जीव गाडीत आहे, गाडीचं बोला. मामंजी हात जोडून म्हणाले, "तुझी गाडी पुरी करू. कोरडा क्लच करू. पुरी होईस्तोवर सूनबाई हयच रवतली."

आणि कावळा आला.

मी त्याला विचारलं, की मी इथेच राहीन हे शेवटचं वाक्य त्यांनी का जोडलं. तो म्हणाला, काय माहीत वहिनी, तोंडातून गेलं असेल. पण कावळा त्याच्यानंतरच आला ना. आता कशानं आला ते कोण सांगणार?

माझे वडील नाशिकहून मला न्यायला आले होते. त्यांचा श्राद्धापक्षावर कधी विश्वास नव्हता, आणि घरी ते या विषयावर तावातावानं बोलत. मामंजींनी त्यांना सगळं सांगितलं आणि त्यांच्यासमोरही हात जोडले. वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला. मग मला म्हणाले, "मग लवकर करून टाका ते काम," आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. आईनं मागाहून निरोप पाठवला, की शब्द मोडू नकोस, त्याचा जीव अडकेल. एकूण दोघांपैकी एकाला अडकायचंच होतं.

मामंजी वाईट नव्हते. हे मला लिहायलाच हवं, कारण वाईट असते तर सोपं झालं असतं. ते गिरणीत साचे खात्यात, म्हणजे कापडाच्या मागांवर होते. संपानंतर त्यांची गिरणी उघडली नाही आणि ते घरी बसले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. सकाळी मी उठायच्या आत त्यांनी चहा केलेला असे. माझ्यासाठी ते वाचनालयातून पुस्तकं बदलून आणत. काय आणायचं ते कळत नसे, म्हणून जाडी बघून आणत. मला कुठे जायचं असलं तर ते दारापर्यंत येत आणि परत कधी येशील ते विचारत. बाजारातून यायला उशीर झाला तर गल्लीच्या तोंडाशी उभे असत. पिशवी घेत आणि पुढे चालू लागत. त्यांच्यामागून चालताना मला पुष्कळदा वाटे की आपण मागे वळावं. वळून कुठे जावं ते मात्र सुचायचं नाही.

मार्गशीर्षात नाशिकहून कळलं की एका शाळेत ग्रंथपालाची जागा निघाली आहे आणि ती मला मिळेल. जूनमध्ये हजर व्हायचं होतं. त्या दिवसापासून मी गाडीच्या मागे लागले.

टर्नर रविवारी यायचा. दिवसाचं काम आटोपल्यावर तो आपल्या लेथवर आणि शेजारच्याच्या मिलिंग मशीनवर पट्ट्यासाठी दातेरी चाकं कापून घेई, आणि रविवारी आणून लावून बघे. जुन्या चकत्यांना बुचाचे तुकडे होते; कोरड्यात ते जळले असते, म्हणून ब्रेक लायनरवाल्याकडून नव्या करून घेतल्या. तेल येण्याच्या सगळ्या वाटा बुजवल्या. पत्र्याच्या डब्याला वारा लागावा म्हणून भोकं पाडली. मी मासिक धरून बसे आणि वाचे. त्याला वाचलेलं ऐकायची सवय नव्हती. मध्येच म्हणायचा, वहिनी, तुम्ही पोथी बंद करा, मला हातानं कळतं.

पट्टा बसवला त्या दिवशी आमचं वाजलं. त्यानं पट्टा असा ताणून बसवला होता की बोटानं टिचकी मारली की वाजायचा. मला म्हणाला, बघा कसा तबल्यासारखा बोलतोय. मी म्हटलं, ढिला करा. गाडी थंड असताना तो ढिलाच पाहिजे. तापली की दातेरी चाकं फुगतात आणि पट्टा आपोआप ताणतो. आत्ताच ताणलात तर तापल्यावर बेअरिंग खाईल.

"ढिला पट्टा? वहिनी, लोक माझ्या तोंडावर हसतील."

"मासिकात लिहिलंय."

"लिहिणाऱ्यानं चारकोपचे खड्डे बघितलेत काय? खड्ड्यात पट्टा उतरला तर वाट लागेल. मग मला नाव ठेवणार सगळे, मासिकाला नाही."

मामंजी खाटेवर बसून ऐकत होते. मी आवाज न चढवता म्हटलं, की माझ्या नवऱ्याला हे वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला होता, बरोबर आहे, असंच करायला पाहिजे. टर्नरनं माझ्याकडे पाहिलं. मग पाना घेतला आणि पट्टा ढिला केला. गाडी अर्धा तास चालवून तापवल्यावर त्यानं पुन्हा बोट लावून पाहिलं आणि म्हणाला, चला, तुमची पोथी पास. पण कुणी विचारलं तर माझीच आयडिया होती.

तेव्हा नुकता गुढीपाडवा झाला होता. गाडी चालत होती, क्लच धरत होता, लिव्हर ओढली की कोरड्या चकत्यांचा खळखळ आवाज येत होता. टर्नर चाळीला दोन फेऱ्या मारून आला. चाळीतल्या लोकांनी गाडीला हार घातला. मला वाटलं, झालं. त्या दिवशी दुपारी मी ट्रंक काढून पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी मला गाडीखाली घातलेला वर्तमानपत्राचा कागद दाखवला. त्यावर एक डाग होता.

"ठिबकता," ते म्हणाले.

टर्नर आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, हा गिअरबॉक्सचा थेंब, त्याचा क्लचशी संबंध नाही. इतकी जुनी गाडी, थेंबभर सोडणारच. मामंजी म्हणाले, "कोरडा बोललंय मी. कोरडा म्हणजे कोरडा." ते इतकं हळू म्हणाले की वाद घालता येईना. टर्नरनं गिअरबॉक्सचं पॅकिंग बदललं. डाग पडला. त्यानं सील बदललं. दोन दिवस कागद कोरा राहिला, मी तारखा मोजायला लागले, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा डाग. चैत्र गेला, वैशाख गेला. सकाळी डोळे उघडले की मी आधी कागद बघायची. सगळं आयुष्य एका कागदावर येऊन थांबलं होतं, आणि त्यावर काय उमटेल ते माझ्या हातात नव्हतं. टर्नर कंटाळला. म्हणाला, वहिनी, आता ह्या गाडीत तेल लपायला जागा उरली नाही, मी तरी कुठे शोधू?

मे संपत आला होता. एका सकाळी मी कागद काढून दारात उजेडाशी नेला. डागातून पलीकडची अक्षरं वाचता येत होती. गिअरबॉक्समधून येणारं तेल काळं असतं, त्यातून काही दिसत नाही. मी बोट लावून वास घेतला. तो वास मला रोजचा होता. आतल्या खोलीत सासूबाईंचं शिवणयंत्र होतं, मी त्यावर परकर शिवून देत असे, आणि त्याच्या खणात तेलाची छोटी बाटली असे.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी यायच्या आधी मी उठले आणि मधल्या दारात बसून राहिले. नुकतं फटफटलं होतं. मामंजी उन्हाळ्यात व्हरांड्यात झोपत. ते आत आले, बाटली त्यांच्या बंडीच्या खिशात होती. गुडघे टेकायला त्यांना वेळ लागला. त्यांनी कागदावर एक थेंब सोडला आणि तो पसरेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.

मी "मामंजी" म्हटलं.

ते दचकले नाहीत. बाटलीचं बूच लावलं आणि तसेच जमिनीवर बसले. त्यांचं आयुष्य साच्यांमध्ये गेलं होतं. कुठलं तेल कुठल्या यंत्राचं ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. जुनं काळं तेल कोपऱ्यातल्या डब्यात भरपूर होतं. ते त्यांनी का घेतलं नाही, हे मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला विचारलं. त्यांना विचारलं नाही.

मग तेच बोलले. म्हणाले, पोरानं आजपर्यंत काय म्हणून पुरं केलं होतं? शाळा अर्धी, तालीम अर्धी. मला वाटलं, ही गाडीसुद्धा पुरी व्हायची नाही. म्हणून बोलून बसलो. मग गाडीच्या चाकावर हात ठेवून म्हणाले, "आता हय कोण रवतला?"

माझ्याकडे गेल्या कितीतरी महिन्यांचं बोलणं साठलेलं होतं. त्यातलं एकच बाहेर आलं. "मला कुणी विचारलंच नाही."

"आता इचारतंय," ते म्हणाले.

मला वाटलं होतं की हा प्रश्न कधी समोर आला तर मी रडेन, किंवा निदान वेळ मागेन. मी लगेच "नाही" म्हटलं. मी राहणार नाही. माझा आवाज मलाच कोरडा वाटला. बाहेर नळ सुरू झाला, बायकांच्या कळशांचे आवाज यायला लागले. मामंजींनी कागदाची घडी केली, गाडीला धरून उठले आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले. संध्याकाळी टर्नर आला तेव्हा त्यांनी त्याला आपण होऊन सांगितलं, की गाडी पुरी झाली.

सुटका झाल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला तसं वाटलं नाही. आठ दिवस मी त्या घरात चोरासारखी वावरले. शब्द होता तोवर निदान मनातल्या मनात त्यांच्याशी भांडता येत होतं. आता भांडायलाही काही नव्हतं, आणि चहा रोज केलेला असायचाच.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझी पुस्तकं बांधून दिली. नवऱ्यानं आणलेली मासिकंही त्यात घातली. मी नको म्हणणार होते, पण ते सुतळी दातात धरून बसले होते. प्रत्येक गठ्ठ्याला ते विणकराची गाठ मारत होते. तुटलेला धागा चालत्या साच्यावर जोडायला मारतात ती, दाण्याएवढी, न बघता, दोन बोटांत. चाळीस वर्षं त्यांनी दिवसभर तीच मारली होती. गाडीच्या वेळी ते फलाटावर आले नाहीत. दारापर्यंत आले. परत कधी येशील, हे त्यांनी विचारलं नाही.

नाशिकला पोचल्यावर मी गठ्ठे सोडायला बसले. गाठी सुटेनात. नखं लावली, सुई लावली. तशी गाठ सुटण्यासाठी मारलेलीच नसते. आई म्हणाली, काप की. मी नंतर कापते म्हटलं आणि गठ्ठे भिंतीशी लावून ठेवले. सबंध पावसाळा ते तिथेच होते. शाळा सुरू झाली, मी रोज जाऊन येत होते, रात्री वाचायला काही नसायचं. दिवाळीच्या सफाईला आईनं पुन्हा विचारलं, तेव्हा मी शेजारून मोठी कात्री मागून आणली.